चाकू आपला करायचा तर मुठीपासून सुरू करा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत पावसाळी ट्रेकच्या सामानाची यादी आली होती, यादी छान होती पण चाकूबद्दल फक्त "एक चाकू" एवढंच लिहून सोडलंय, म्हणून हे पत्र. आमच्या जांबोटी-कणकुंबी भागातली बरीच पोरं आता ऑनलाईन फिक्स्ड ब्लेड चाकू मागवायलेत, म्हणजे घडी न होणारा, त्यातही पात्याचं लोखंड मुठीच्या टोकापर्यंत एकसंध गेलेला. वस्तू चांगली आहे, फांदी तासायला, दोरी कापायला, चूल पेटवायला बारीक काड्या काढायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण चाकू घरी आला की पोरं पहिलं काम काय करतात तर पात्यावर नाव कोरून घेतात, पाठीला करवतीसारखे दात पाडून घेतात. माझं कळकळीचं सांगणं एवढंच आहे की चाकू आपल्या आवडीचा जरूर करा, पण मूठ आणि म्यान करा, पातं आहे तसं ठेवा.

हे मी स्वतः नुकसान करून शिकलोय. माझा पहिला चाकू मी एका दुकानात ग्राइंडरवर नाव घालायला दिला. परत आला तर टोकाकडं निळा पट्टा. चाकूचं कार्बन स्टील पाणी दिल्यावर, म्हणजे लाल तापवून एकदम विझवल्यावर, साधारण 200 डिग्रीला पुन्हा तापवून त्याची कडकपणा-चिवटपणाची जोड बसवलेली असते, आणि निळा रंग येतो तो 300 च्या आसपास, म्हणजे पात्याचं पाणीच उतरलं. त्यानंतर त्या टोकाला धार कधी टिकली नाही, दोन बांबू तासले की बोथट. पाठीला खाच पाडली तरी तेच, खाचेच्या टोकदार कोपऱ्यात ताण जमतो आणि मोडायचं झालं तर पातं तिथंच मोडतं. आमच्या गावच्या लोहाराला दाखवला तर तो म्हणाला, "पातं बघायला ठेवायचं असतं का कापायचं असतं?" आणि त्यानं ते हातात सुद्धा घेतलं नाही.

मुठीची गोष्ट वेगळी. कंपनीची मूठ सगळ्यांच्या हाताला बेतलेली, म्हणजे कुणाच्याच हाताला नीट नाही. माझा पंजा रुंद, चार बोटं बसली की करंगळी बाहेर यायची आणि अर्धा तास काम केलं की तळहाताला फोड. दुसऱ्या चाकूच्या वेळी मी स्क्रू काढून प्लास्टिकच्या दोन्ही फळ्या बाजूला ठेवल्या. खानापूरकडची कौलाची माती तर आपल्याकडं प्रसिद्धच आहे, तिचा एक गोळा मुठीत घट्ट दाबला आणि सुकवला, त्यावरून माझ्या हाताला कुठं फुगीर पाहिजे कुठं बारीक ते कळलं. लाकूड आजोबांच्या बैलगाडीचं घेतलं, गोठ्यात चाक पडून होतं त्याचा एक आरा. बाभळीचा, चाळीस वर्षं वाळलेला. याआधी एकदा ओल्या फणसाची मूठ करून बघितली होती ती उन्हाळ्यात तडकली आणि लोखंडापासून सुटली, त्यामुळं लाकूड जुनं आणि कोरडंच पाहिजे हे पक्कं लक्षात ठेवा.

सुताराकडून त्या आऱ्याच्या दोन फळ्या चिरून घेतल्या, बाकीचं घरी केलं. आधी पात्याला जाड टेप गुंडाळला, हे कुणीही विसरू नये. मुठीतलं लोखंड जाड पॉलिश पेपरनं खरबरीत केलं, थिनरनं पुसलं, मग सावकाश सुकणारं अराल्डाइट आणि 6 मिलिमीटरच्या पितळी खिळ्या. फळ्या दाबून धरणारा शिकंजा फार आवळायचा नाही, नाहीतर सगळा गोंद बाहेर येतो आणि आत काही उरत नाही. एक दिवस तसंच ठेवलं. नंतर कानस, मग 120, 220, 400 नंबरचा पॉलिश पेपर, तोंडाला मास्क बांधून, आणि शेवटी डबल बॉइल्ड जवसाच्या तेलाचे चार पातळ हात. एक महत्त्वाचं, तेलाची चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेते, पाण्यात भिजवून पसरून वाळवा.

म्यान अथणीकडच्या एका चप्पल कारागिराकडून करून घेतलं. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला तो महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून, त्यात आपला बेळगाव आहे, हे आपल्यातल्याच कितीतरी जणांना माहीत नसतं. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं ते जाड चामडं ओलं करून चाकूवर दाबून बसवलं की वाळल्यावर त्याच आकाराचं राहतं. त्यांनी रापीनं कापलं, आरीनं भोकं पाडली, चामड्याच्या वादीनं शिवलं, आणि धारेच्या बाजूला आत चामड्याची जास्तीची पट्टी घातली, म्हणजे धारेनं शिवण कापली जात नाही. ते कन्नड बोलत होते, मी मराठी, ते चूरि म्हणायचे मी सुरी, काही अडलं नाही. आजोबांच्या नावाचं पहिलं अक्षर त्यांनी म्यानावर ठोकून दिलं. नाव घालायचं तर ते असं घाला. चाकू मात्र घरी कायम म्यानात ठेवू नका, आपल्याकडच्या पावसात चामडं दमट राहतं आणि पात्याला गंज धरतो.

पात्याला रंग पाहिजेच असेल तर तोही आपोआप येतो. घरातल्या जुन्या लोखंडी विळीचं पातं आठवा, काळसर निळं असतं की नाही? तसाच कार्बन स्टीलच्या चाकूनं एप्रिल-मेमध्ये कैऱ्या चिरा, पुसा, तेलाचं बोट फिरवा, महिनाभरात राखाडी थर बसतो आणि लाल गंज पुष्कळ कमी होतो. स्टेनलेसवर हे होणार नाही.

दोन गोष्टी कायद्याच्या. 2016 च्या शस्त्र नियमांच्या यादीत 9 इंचापेक्षा लांब किंवा 2 इंचापेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्र म्हणून येतात, शेतीची आणि घरकामाची अवजारं सोडून. ट्रेकला 4 इंच भरपूर झालं, आणि तोही बाजारात, एसटीत कमरेला लावून मिरवायचा नाही, सॅकमध्ये तळाला. आणि आपल्या तालुक्यातल्या भीमगड अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय हत्यार नेता येत नाही, 1972 च्या वन्यजीव कायद्यात तसं स्पष्ट आहे. सांबराच्या शिंगाची मूठ तर कुणी फुकट देतो म्हटलं तरी घेऊ नका, जंगलात गळून पडलेलं शिंग सुद्धा सरकारचं असतं.

संपादक साहेब, विनंती एवढीच की खंडेनवमीच्या पुरवणीत आपल्या भागातले लोहार, सुतार आणि चामड्याचे कारागीर यांच्यावर एक पान द्यावं, कोण कुठल्या गावात बसतो, काय करून देतो, किती दिवस लागतात. आमच्या लोहाराकडं आता विळे-कोयत्यांचं काम पण कमी येतं, आणि ही पोरं हजारो रुपये बाहेर पाठवायलेत. चाकाचे अकरा आरे अजून गोठ्यात आहेत, गावातल्या कुणा पोराला मुठीसाठी पाहिजे असेल तर मी द्यायला तयार आहे.

आपला नेहमीचा वाचक,
जांबोटी भाग, ता. खानापूर, जि. बेळगाव