‘आधी भिंत बघा’ म्हणणाऱ्या काकांना

प्रति,
मॉनिटर दुरुस्त करणारे आमचे काका, नाशिक

काका, सप्रेम नमस्कार.

बंद पडलेला मॉनिटर घेऊन बाजारात गेलं की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं, ‘बोर्ड गेलाय, नवीनच घ्या.’ मीटर लावल्याशिवाय तुमच्या तोंडून हे वाक्य आम्ही कधी ऐकलं नाही. सिडको, सातपूर, पंचवटी या भागांतल्या छोट्या कॉम्प्युटर क्लासची आणि अभ्यासिकांची यंत्रं सांभाळणारे आम्ही काही जण हे जाहीर पत्र लिहितोय. आभार दोन ओळींत मानता आले असते. पण तुम्ही जे काही हात न राखता दाखवलंत, ते चार लोकांच्या उपयोगी पडावं म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, ‘आधी भिंत बघा.’ सॉकेटमध्ये टेस्टर घातला, दिवा लागला, म्हणजे लाइट आहे असं सगळेच धरून चालतात. पण टेस्टर फक्त फेज दाखवतो. एक्स्टेन्शन बोर्डात न्यूट्रलचा स्क्रू सैल झाला असेल तरी टेस्टर छान पेटतो आणि मॉनिटर मात्र ठार. म्हणून मल्टिमीटर एसीच्या ७५० व्होल्ट रेंजवर ठेवायचा आणि पॉवर कॉर्डच्या मॉनिटरकडच्या टोकाला फेज आणि न्यूट्रलमध्ये मोजायचं. तिथे २३०च्या आसपास आकडा आला की भिंत, बोर्ड आणि कॉर्ड तिन्ही एकदम पास. काही मॉनिटरना मागे, कॉर्डच्या खाचेशेजारी, छोटा स्विच असतो. साफसफाईच्या फडक्याने तो बंद होतो आणि कोणाच्या ध्यानातही येत नाही.

मग सगळ्या सिग्नल केबल काढून फक्त पॉवर ठेवायची. पडद्यावर ‘नो सिग्नल’ किंवा ‘चेक केबल’ असं काही उमटलं, तर मॉनिटरला हात लावायचं कारणच नाही, दोष सीपीयूकडे किंवा केबलमध्ये. काहीच उमटलं नाही तर कॉर्ड काढून पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरायचं आणि पुन्हा लावून बघायचं. आतला कंट्रोलर अडकला असेल तर एवढ्यानेही सुटतो.

अडॅप्टरवाल्या मॉनिटरबद्दल तुम्ही दिलेला इशारा आम्ही लॅबच्या भिंतीवर लिहून ठेवलाय. सॅमसंगच्या बऱ्याच मॉनिटरना १४ व्होल्ट लागतात, एलजीच्या बऱ्याच मॉनिटरना १९. आणि दोघांची पिन एकाच मापाची, बाहेरून ६.५ मिलिमीटर, आत बारीक काडी. ‘पिन बसली म्हणजे चालतंय’ म्हणून १९चा अडॅप्टर १४च्या मॉनिटरला लावला की आतल्या रेग्युलेटरची, म्हणजे व्होल्टेज ताब्यात ठेवणाऱ्या पार्टची, खैर नाही. व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. शिवाय काहीच न जोडलेल्या मोकळ्या अडॅप्टरला मीटर लावून १९.२ दिसलं म्हणजे तो चांगला असं होत नाही. २२ ओहम, २५ वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर जोडला की १९ व्होल्टला साधारण ०.८६ अँपिअर ओढला जातो. तेवढ्या भारावर आकडा ८-१०वर कोसळला तर अडॅप्टर गेला. रेझिस्टर चटका बसेल इतका तापतो, तो टेबलाच्या सनमायकावर ठेवू नये, हेही तुम्हीच सांगितलंत.

खोलायच्या आधी इंडिकेटर काय सांगतोय ते ऐका, हा तुमचा दुसरा नियम. दिवा अजिबात नाही, तर सप्लाय (आतला पॉवर बोर्ड) किंवा बटण. दिवा लुकलुकतोय, तर सप्लाय उठायचा प्रयत्न करून पडतोय. दिवा नीट आहे पण पडदा काळा, तर तिरपा टॉर्च मारून बघायचं. अंधूक चित्र दिसलं तर बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा उजेड, गेली आहे, बाकी मॉनिटर जिवंत आहे. चित्र दोन सेकंद येऊन जात असेल तर बॅकलाइटचं प्रोटेक्शन लागतंय. यातला प्रत्येक प्रकार वेगळ्या बोर्डाकडे नेतो. सगळ्यांना ‘डेड’ म्हटलं की दुरुस्ती महाग होते.

खोलताना स्क्रू ड्रायव्हर कडेला घालायचा नाही, जुनं एटीएम कार्ड घालायचं. काच खाली करून जाड चादरीवर ठेवायचा, स्टँड काढायचा, खालच्या कडेपासून लॉक सोडवत जायचं. तुम्ही सर्वांत जास्त दरडावता ते यापुढे. सप्लायमधल्या मोठ्या कपॅसिटरवर, म्हणजे वीज साठवणाऱ्या डबीवर, ज्यावर ४०० किंवा ४५० व्होल्ट छापलेलं असतं, सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठलेले असतात. २३० एसीचं शिखर तेवढं असतं. आणि बंद पडलेल्या सप्लायमध्ये हा चार्ज उलट जास्त वेळ टिकतो, कारण तो ओढून घेणारं पुढे काही चालूच नसतं. पुष्कळांची समजूत नेमकी उलटी असते, ‘बंदच आहे, शॉक कसला लागतोय!’ ५ वॉटचा १० किलो-ओहम रेझिस्टर इन्सुलेटेड चिमट्यात धरून दोन्ही पायांवर दहा सेकंद टेकवायचा, मग मीटरने १० व्होल्टच्या खाली आल्याची खात्री करायची. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडणाऱ्यांना तुम्ही दुकानात उभं करत नाही ते योग्यच.

आता फ्यूज. फ्यूज उडालेला दिसला की नवा टाकून मोकळं व्हायची घाई होते. तुम्ही आधी विचारता, का उडाला? फ्यूजशेजारी निळी चकती असेल, म्हणजे एमओव्ही, जादा व्होल्टेज अडवणारा पार्ट, आणि ती तडकलेली किंवा काळी असेल, तर उत्तर बाहेर आहे. कुठे तरी न्यूट्रल तुटली की एका फेजवरच्या घरांत २३०च्या जागी चारशेकडे व्होल्टेज चढतं. ४७१ नंबरची चकती ३०० व्होल्ट एसीपर्यंत गप्प बसते, त्यापुढे स्वतः शॉर्ट होऊन फ्यूज उडवते आणि पुढचा बोर्ड वाचवते. अशा वेळी चकती आणि त्याच रेटिंगचा फ्यूज बदलला की बऱ्याचदा मॉनिटर चालू होतो. चकती नुसती कापून टाकली तरी चालू होतो, पण मग पुढच्या झटक्याला आडवं यायला कोणी उरत नाही.

चकती ठीक आणि फ्यूज काळाठिक्कर, तर दोष आत. ब्रिज रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा) आणि मॉसफेट (सप्लायचा मुख्य स्विच) मीटरच्या बीपवर तपासायचे, बीप वाजली तर शॉर्ट. मॉसफेट शॉर्ट निघाला तर त्याच्या सोर्स पायाचा अर्ध्या ओहमच्या आतला छोटा रेझिस्टर आणि बहुतेकदा सप्लाय चालवणारा कंट्रोल आयसीही गेलेला असतो. फक्त मॉसफेट बदलून लाइट दिली की नवाही फट्‌कन उडतो. म्हणून पहिली लाइट नेहमी सिरीज बोर्डवरून, १०० वॉटचा तारेचा बल्ब मध्ये घालून. बल्ब क्षणभर चमकून मंदावला तर ठीक, तसाच भगभगत राहिला तर शॉर्ट अजून आहे. एलईडी बल्ब या कामाला उपयोगाचा नाही. तारेचे बल्ब आता शोधावे लागतात, चार घेऊन ठेवलेले बरे.

खरी मेख मात्र कपॅसिटरमध्येच असते. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची थंडी पडली की सकाळच्या बॅचला मॉनिटर लागत नाही, आणि दुपारी काही न करता लागतो. लोक म्हणतात, मशीन लहरी आहे. तुम्ही हेअर ड्रायर घेता, मागच्या जाळीतून सप्लायच्या बाजूला दोन मिनिटं कोमट हवा मारता आणि बटण दाबता. लागला की निदान झालं. सप्लायच्या आउटपुटचे कपॅसिटर आतून सुकत चाललेत. सुकलेल्या कपॅसिटरचा आतला विरोध, ईएसआर, गारठ्यात आणखी वाढतो आणि ऊब मिळाली की थोडा उतरतो. काहीही न खोलता इतकं पक्कं उत्तर देणारी दुसरी चाचणी आम्हाला माहीत नाही.

फुगलेलं डोकं दिसलं तर प्रश्नच नाही, पण सपाट डोक्याचाही कपॅसिटर गेलेला असू शकतो. साध्या मीटरवर त्याचे मायक्रोफॅरड, म्हणजे साठवणक्षमता, बरोबर येतात आणि माणूस फसतो. ईएसआर मीटरवर १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा चांगला कपॅसिटर ०.१ ओहमच्या आत दाखवतो. १ ओहमच्या वर गेला की तो नावापुरता. डायोडच्या हीटसिंकला चिकटून बसवलेला आधी जातो. तपमान १० अंशांनी उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट होतं, हा कपॅसिटरचा ठोकताळा इथे उलट्या बाजूने लागू पडतो. एक गेला की त्याच ओळीतले बाकीचेही बदलायचे, कारण ते तितकेच शिजलेले असतात. मायक्रोफॅरड तेच, व्होल्ट तेवढे किंवा एक पायरी वर, म्हणजे १०च्या जागी १६ चालेल. लो-ईएसआर आणि १०५ डिग्रीचाच. ८५चा स्वस्त माल इथे वर्षभर टिकला तरी नशीब. घेताना हातात तोलून बघायचा. नवं कव्हर चढवलेला नकली माल वजनाला हलका लागतो. उंचीही मोजायची, नाही तर पत्र्याचं झाकण बसत नाही. पांढऱ्या पट्ट्याचा पाय उणे. आणि जुन्या बोर्डावरचा तपकिरी गोंद खरवडून काढायचा, तो तापून तापून करंट वाहून नेऊ लागतो. एम. जी. रोडवर पार्ट घेताना आता आम्ही हे सगळं बघतो आणि दुकानदार वैतागतो, हा भाग वेगळा.

मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्ट आहेत, फ्यूज शाबूत आहे, आउटपुट मात्र शून्य किंवा टिक-टिक, हा प्रकार तुम्ही फार सोपा करून सांगितलात. कंट्रोल आयसीच्या पायाशी २२ किंवा ४७ मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचा चिमुकला कपॅसिटर असतो. स्टार्टअप रेझिस्टर तो हळूहळू भरतात, आयसी जागा होतो. कपॅसिटर सुकला असेल तर साठा तिथेच संपतो आणि आयसी पुन्हा झोपतो. कार्बोरेटरमध्ये कचरा आलेल्या गाडीसारखं, किक मारली की फुरफुरतं आणि बंद. मोठ्या कपॅसिटरच्या मागे लपलेला हा पाच रुपयांचा पार्ट बघायचा राहून जातो आणि अख्खा बोर्ड बदलला जातो.

सप्लायने ५ व्होल्ट नीट दिले आणि तरी दिवा नाही, तर बटण. पावसाळ्यात आतला छोटा स्विच गंजतो, कधी दाबलेलाच राहतो, मग मॉनिटर लावल्या लावल्या बंद होतो. बटणांच्या पट्टीचा कनेक्टर काढून स्विच बीपवर बघायचा. आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन सुधारला तर ठीक, नाही तर बदलायचा. त्यानंतर मेन बोर्डवरचा तीन पायांचा १११७ रेग्युलेटर, एका बाजूला ५ व्होल्ट, दुसरीकडे ३.३. आउटपुट ग्राउंडला शॉर्ट असेल तर बोर्डच बदलायचा, तोही त्याच पॅनेलचा (पडद्याचा) कोड असलेला. मुंग्यांची वारुळं आणि वाळलेल्या पाली तर आहेतच. जाळीला बारीक नेट लावायची फॅशन तुम्ही मोडून काढलीत हे बरं केलंत, हवा अडली की कपॅसिटर आणखी लवकर शिजतात.

काका, दुरुस्तीइतकेच आभार तुमच्या नकाराचेही. पॅनेलला तडा गेलेला मॉनिटर तुम्ही हातात घेऊन परत देता, कारण नवं पॅनेल टाकायचा खर्च नव्या मॉनिटरच्या आसपास जातो, आणि तपासणीचेही पैसे घेत नाही. जुन्या ट्यूबच्या बॅकलाइटमध्ये पारा असतो, भंगारवाल्याला देऊन फोडू देऊ नका, अधिकृत ई-कचरा केंद्रातच द्या, असं बजावूनही सांगता.

फुटलेल्या पॅनेलच्या मॉनिटरमधले सप्लाय बोर्ड तुम्ही मागितले होते. ते काढून, डिस्चार्ज करून, प्रत्येकावर मॉडेल नंबर लिहून पिशवीत ठेवलेत. त्यात १४ व्होल्टचे दोन अडॅप्टरही आहेत, भारावर तपासलेले. येत्या सोमवारी दुकान उघडं असेल तर आणून देतो.

कळावे,
आपले,
सिडको-सातपूर-पंचवटीतले लॅब सांभाळणारे