निलगिरीचे लाकूड आणि आमचे पुढचे दार

मा. संपादक,

स. न. वि. वि.

कालच्या अंकातील निलगिरीवरचा लेख वाचला. लेखकमहाशयांनी या झाडावर जे आरोप केले आहेत त्यांपैकी ‘हे झाड जमिनीतले पाणी शोषून घेते’ या आरोपाला मी हात घालत नाही. शेजारच्या कर्नाटकाने २०१७ साली निलगिरीच्या नव्या लागवडीवर बंदी घातली ती काही गंमत म्हणून नव्हे, आणि आमच्या वाड्यावरच्या विहिरीची काळजी मलाही आहे. परंतु शेवटच्या परिच्छेदात ‘हे लाकूड जळण आणि सेंटरिंगचे खांब यांपलीकडे कसल्याही कामाचे नाही’ असा जो निकाल त्यांनी जाता जाता देऊन टाकला आहे, तो आयुष्यभर मुलांना सुतारकाम शिकवलेल्या माणसाला मुकाट्याने गिळणे कठीण आहे.

प्रथम शब्दाविषयी. ‘हार्डवुड म्हणजे कठीण लाकूड’ असे लेखात वाचकांना समजावून सांगितले आहे. इतके सोपे असते तर माझे पैसे वाचले असते. हार्डवुड म्हणजे फुले येणाऱ्या रुंद पानांच्या झाडाचे लाकूड आणि सॉफ्टवुड म्हणजे पाइन, देवदार अशा सूचिपर्णी झाडांचे. लाकूड हाताला कठीण लागते की मऊ, याच्याशी त्या नावाचा काही संबंध नाही. मुले ज्याची खेळण्यातली विमाने करतात आणि जे नखानेही दबते, ते बाल्साचे लाकूडसुद्धा हार्डवुडच आहे. तेव्हा कोणी ‘हार्डवुड’ म्हणून माल विकला तर तो खोटे बोलत नाही, पण त्याने आपल्याला काही सांगितलेले आहे असेही नाही.

हे ज्ञान मी तीन वर्षांपूर्वी विकत घेतले. घराच्या पुढच्या दाराची माटीच्या, म्हणजे ऐनाच्या लाकडाची चौकट आजोबांच्या वेळची होती आणि तिचा तळ वाळवीने खाल्ला होता. दुरुस्ती काढली, आणि नेमके त्याच वेळी मुलीच्या बाळंतपणासाठी आम्हा दोघांना दोन महिने पुण्याला जाऊन राहावे लागले. कंत्राटदाराने फोनवर सांगितले, “सर, तुम्ही काळजी करू नका, ऑस्ट्रेलियन हार्डवुड बसवतो, सागवानाच्या अर्ध्या भावात.” लाकूड न पाहता होकार देऊ नये, हे मी वर्गात किती मुलांना बजावले असेल त्याची गणती नाही. मी होकार दिला.

एप्रिलअखेर परत आलो तेव्हा चौकट गडद पॉलिश लावून, भिंतीत पक्की बसवून तयार होती. गणेशपट्टीला, म्हणजे चौकटीच्या वरच्या आडव्या पट्टीला, डाव्या टोकापासून वीतभर तडा गेला होता आणि त्यात डिंकाची काळपट रेघ दिसत होती. उजवी उभी बाजू मधोमध आत पोट काढून उभी होती. पॉलिश थोडे खरवडले आणि उमगले की हे सहा-सात वर्षांचे निलगिरीचे कोवळे खोड आहे, तोडल्यावर आठवडाभरात चिरून ओलेच्या ओले भिंतीत चिणलेले. जाब विचारला तेव्हा कंत्राटदार शांतपणे म्हणाला की झाड मूळचे ऑस्ट्रेलियाचेच आणि लाकूड हार्डवुडच, मग तक्रार कसली? वंशावळीच्या दृष्टीने त्याचे म्हणणे बिनतोड होते.

पुढे पाऊस लागला, फणसाच्या जुन्या झडपा नेहमीप्रमाणे फुगल्या, आणि चवथीच्या दिवशी सकाळी डावी झडप अर्धवट उघडी राहून चौकटीच्या त्या पोटात अशी अडकली की ती धड उघडेना, धड मिटेना. आत माटोळी (गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळा-फुलांची आरास) बांधून तयार, बाहेर छत्रीखाली पाटावर गणपती, आणि सुतारकामाचे मास्तर हातात हातोडा घेऊन उंबऱ्यावर. शेवटी गणपती घराला वळसा घालून मागच्या दाराने, स्वयंपाकघरातून आत आणावा लागला. सौ. हे अजून विसरलेली नाही, आणि चवथीला येणारा एकही पाहुणा तिला विसरू देत नाही.

इतके सोसूनही मी निलगिरीची बाजू का घेतो, असे कोणी विचारील. कारण त्या दारात दोष लाकडाचा नव्हता, घाईचा होता. उभ्या निलगिरीत सालीकडचे लाकूड ताणलेले आणि गाभ्याजवळचे दाबलेले असते, आणि झाड उभे आहे तोवर ही दोन बळे एकमेकांना तोलून धरतात. ओंडका उभा चिरला की हा तोल सुटतो व फळ्यांची टोके सालीच्या बाजूला वळतात. खोड जितके बारीक, तितका हा बाक जास्त. त्यावर लाकूड वाळताना वर्षवलयांच्या दिशेने ते जितके आकसते त्याच्या साधारण निम्मेच वलयांना आडव्या दिशेने आकसते, आणि तंतू एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे फळी पिळली जाते. ओले लाकूड भिंतीत बसवले की हे सगळे नाटक आपल्या उंबऱ्यावर घडते. वखारीत, सावलीत, थरांमध्ये पट्ट्या घालून वर वजन ठेवून सावकाश घडू दिले, तर पुष्कळसे तिथेच आटोपते.

शिवाय ‘निलगिरी’ हे काही एका झाडाचे नाव नव्हे. इंग्रजांनी १८४३ साली नीलगिरी पर्वतात या झाडाची लागवड केली, आपण झाडाला डोंगराचे नाव देऊन मोकळे झालो, आणि तेव्हापासून सातशेहून अधिक जातींचे हे अवघे गोत आपल्याला एकच वाटते. थंड डोंगरावरची ती जात आपल्या सखल, दमट भागात रुजतही नाही. इकडे लावली गेली ती बहुतेक वेगळीच, मैदानी जात. ऑस्ट्रेलियातील आयर्नबार्क नावाची निलगिरी घ्या. तिचे वाळलेले लाकूड घनमीटरला ११०० किलोच्या आसपास भरते, म्हणजे पाण्यात टाकले तर दगडासारखे तळाला जाते. आपले सागवान त्याच मापात साडेसहाशेच्या आसपास आहे. पूल, धक्के आणि रेल्वेचे स्लीपर यांसाठी आयर्नबार्कचे लाकूड पिढ्यानपिढ्या वापरले गेले. पश्चिम ऑस्ट्रेलियातील जारा नावाच्या लालसर निलगिरीचे ठोकळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या रस्त्यांवर फरसबंदीसारखे बसवले होते, आणि त्यावरून घोडागाड्या धावत होत्या. टॅलोवुड नावाची एक जात अंगचीच तेलकट, म्हणून नृत्यगृहाच्या जमिनीसाठी नावाजलेली. ‘टास्मानियन ओक’ या नावाने जे विकले जाते त्यात ओक औषधालाही नसतो, ती निलगिरीच असते. नाव बदलून माल खपवण्याची कला आमच्या कंत्राटदाराचीच मिरास आहे असे समजू नये.

फरक इतकाच की तिथे ही नावलौकिकाची लाकडे पिढ्यानपिढ्या वाढलेल्या, दोन हातांच्या कवेत न मावणाऱ्या खोडांतून आली, त्यात गाभा भरपूर आणि सालीकडचे फिके लाकूड थोडे. टिकतो तो गाभा. फिक्या भागाला वाळवी, भुंगा काही वर्ज्य नसते. तिथे काही जातींचे लाकूड वाळताना आतून पिचकते, तेव्हा त्याला वाफ देऊन पुन्हा मूळ आकारावर आणतात. आपण मात्र कागदाच्या लगद्यासाठी सहा-सात वर्षांत तोडायचे म्हणून लावलेले झाड दाराच्या चौकटीला वापरतो आणि मग झाडाला नावे ठेवतो. त्याच कोवळ्या लाकडाचे पातळ थर काढून चिकटवले की चांगले प्लायवूड होते. हरियाणातील यमुनानगरचा प्लायवूडचा धंदा मुख्यतः पॉप्लर आणि निलगिरी यांवर चालतो. लेखकमहाशयांच्या लिहिण्याच्या टेबलाच्या पोटात निलगिरी असण्याची शक्यता बरीच आहे. आणि त्यांनी हा लेख कागदावर लिहिला असेल, तर त्या कागदाच्या लगद्यातही.

त्या चवथीनंतर चौकट मी स्वतःच्या हाताने उपटून काढली आणि किंदळाच्या लाकडाची, नीट वाळलेली, नवी बसवली. रागाच्या भरात जुन्या चौकटीचे तुकडे चुलीत घालणार होतो, पण मांगरात (शेतावरच्या खोपटात) माळ्यावर टाकून विसरलो. दोन वर्षांनी ते खाली काढले. तडा गेलेला भाग कापून टाकला, बाक रंध्याने काढला, आणि उरलेल्या तांबूस गाभ्यातून कुदळीला एक आणि पिकासाला एक असे दोन दांडे केले. या पावसाळ्यात कुळागराची (पोफळी-माडांच्या बागेची) सगळी खणती त्याच दांड्यांनी झाली. कंत्राटदार अलीकडेच रस्त्यात भेटला, तेव्हा त्याला मी हे मुद्दाम सांगितले. तो म्हणाला, “बघा सर, मी सांगितले होते ना, हार्डवुड आहे म्हणून!”

आपला,
सुतारकामाचा एक निवृत्त शिक्षक,
फोंडा

ता. क. : लेखासोबत छापलेले छायाचित्र निलगिरीचे नाही, आकेशियाचे आहे. कोयत्यासारख्या वळलेल्या पानांमुळे गफलत होते हे खरे, परंतु पिवळ्या फुलांचे तुरे आणि कानासारख्या वेटोळ्या शेंगा त्यात स्वच्छ दिसत आहेत. दुरुस्ती छापावी. आणि माझे मागचे पत्र आपण अर्ध्यावर कापून छापलेत, त्यामुळे त्यात मी जे खोडून काढले होते तेच माझे मत म्हणून लोकांपुढे गेले. हे पत्र कापायचेच असेल तर कृपया छापूच नये.