माळढोक न दाखवणाऱ्या काकांना

सोलापूरजवळच्या नान्नजच्या वनमजूर काकांना सादर नमस्कार.

मागच्या एप्रिलात गोव्याहून माळढोक पक्षी बघायला आलेली बाई आठवते? गळ्यात दुर्बीण, पायात चपला. त्या चपला बघूनच तुम्ही मान हलवली होती. "दिसंल असं काय सांगत नाही," हे तुम्ही मनोऱ्यावर चढायच्या आधीच सांगून टाकलंत. त्याबद्दल पहिले आभार. देशात जेमतेम दीडशेच्या आसपास उरलेला, तोही बहुतेक जैसलमेरकडे. तरी आशा लावून दिवसभर फिरवता आलं असतं.

त्याऐवजी तुम्ही मला माळ दाखवलात. मध्येच "थांबा!" म्हणून ओरडलात, तेव्हा मला साप वाटला. माझ्या अंगठ्यापासून हातभर अंतरावर धाविक पक्ष्याची दोन अंडी होती, उघड्या मातीत, मातीच्याच रंगाची. फोटोसुद्धा काढू दिला नाहीत. आई उन्हात लांब उभी होती ना!

माळढोकाची मादीही असंच जमिनीवर, बहुधा एकच अंडं घालते, हे तुम्ही माझ्या सलवारीतली कुसळं उपटता उपटता सांगितलंत. डोळे डोक्याच्या बाजूंना, त्यामुळे समोरची विजेची तार उशिरा दिसते आणि एवढं जड धूड ऐनवेळी वळत नाही, हेही. 1979 साली माळढोकासाठी अभयारण्य झालं तेव्हा 8,496 चौरस किलोमीटरांत गावं, शेतं सगळीच आली. जमिनीचे व्यवहार अडले की लोक पाखराच्या नावानं बोटं मोडायचे. पुढे ते 1,222 वर आलं. पाखराची बाजू घेताना तुम्ही शेजाऱ्यांची बाजू सोडली नाहीत, ते मला फार आवडलं.

आमच्याकडे माळाला सडा म्हणतात. जांभा दगड, उन्हाळ्यात करपलेलं गवत. पडीकच म्हणायचो आम्हीही. मे महिन्यात गावच्या सड्यावर मुलांच्या क्रिकेटच्या खेळपट्टीशेजारी टिटवीची चार अंडी दिसली. तुमच्याच आवाजात "थांबा!" म्हणाले. मुलांनी कुरकुरत स्टंप वीसेक पावलं पलीकडे रोवले. पिल्लं कधीच पळाली, स्टंप अजून तिथेच आहेत.

ऑगस्टात या. सड्यावर सीतेची आसवं या फुलांची निळाई असते. जेवायला शीत-हुमण, म्हणजे भात आणि माशाची आमटी. चपला मात्र घालून येऊ नका, जांभा निसरडा असतो.

तुमची,
चपलावाली बाई, साखळी