शंभर गुणांच्या सावलीत

महोदय,
बास्केटबॉलच्या विक्रमांचा विषय निघाला की विल्ट चेंबरलेनचे एकाच सामन्यातले १०० गुण हमखास आठवतात. २ मार्च १९६२, अमेरिकेतलं हर्शी गाव; त्याचा संघ फिलाडेल्फिया वॉरियर्स १६९, न्यूयॉर्क निक्स १४७. मला मात्र त्या सामन्याच्या आकडेवारीच्या तक्त्यातला त्याचा दुसराच आकडा भावतो : ३२ पैकी २८ फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे मुक्त फेक) यशस्वी. एरवी तीच त्याची दुखरी बाजू! त्या मोसमात तो दोन्ही हातांनी, गुडघ्यांजवळून चेंडू वर सोडायचा. आणि त्याचा सहकारी गाय रॉजर्सचे २० असिस्ट (ज्यावर लगेच बास्केट होते असे पास)? दुसरा सहकारी अल ॲटल्सचे तर आठपैकी आठ नेम अचूक लागले होते. या सामन्याचं चित्रीकरण नाही; चौथ्या सत्राचं रेडिओ ध्वनिमुद्रण सोडलं, तर उरलाय तो तक्ताच. जुन्या सामन्यांबद्दल लिहिताना कृपया अख्खा तक्ता छापा.

– एक क्रीडाप्रेमी वाचक