‘डीएलएल मिसिंग’ आले म्हणून संगणक फॉरमॅट कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतल्या संगणकविषयक टिपांमध्ये असे सुचवले आहे की, ‘डीएलएल मिसिंग’ असा संदेश आला तर त्या नावाची फाईल इंटरनेटवरून उतरवून विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरमध्ये टाकावी आणि तेवढ्याने भागले नाही तर संगणक फॉरमॅट करून घ्यावा. इंदुरात हे दोन्ही उपाय सर्रास चालतात, म्हणून हा खुलासा. पहिला धोक्याचा आहे आणि दुसरा बहुतेक वेळा नाहक भुर्दंड.

डीएलएल म्हणजे अनेक प्रोग्रॅमांनी मिळून वापरायचा तयार कोड. प्रोग्रॅम सुरू होताना साधारणपणे आधी स्वतःच्या फोल्डरमध्ये आणि मग विंडोजच्या फोल्डरमध्ये ही फाईल शोधतो. मिळाली नाही की नाव सांगून थांबतो. पण अशी फाईल सुटी येत नसते. ती विंडोजचा भाग असेल, मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल सी++ पॅकेजचा (अनेक प्रोग्रॅमांना चालायला लागणाऱ्या सामाईक फायलींचा संच) असेल, नाहीतर त्या प्रोग्रॅमबरोबर आलेली असेल. तिघांचे उपाय वेगळे, म्हणून आधी ती कुणाची हे ओळखायचे.

सर्वांत जास्त तक्रारी मधल्या प्रकारच्या. एमएसव्हीसीपी१४० किंवा व्हीसीरनटाइम१४० अशी नावे दिसली की व्हिज्युअल सी++ चे २०१५ पासून पुढचे एकत्रित पॅकेज मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून घ्यावे. नावात १०० असेल तर २०१० चे, ११० असेल तर २०१२ चे आणि १२० असेल तर २०१३ चे पॅकेज लागते. ही जुनी पॅकेजे एकमेकांची जागा घेत नाहीत. संगणक ६४ बिटचा असला तरी एक्स८६ (३२ बिटचे) आणि एक्स६४ (६४ बिटचे) ही दोन्ही टाकावीत, कारण हिशेबाचे आणि टायपिंगचे कितीतरी प्रोग्रॅम अजून ३२ बिटचेच आहेत. नावाच्या शेवटी ‘_१’ असलेली व्हीसीरनटाइम१४० मागितली जात असेल, तर पॅकेज आहे पण जुने आहे असे समजावे. ताजे टाकले की काम होते. पॅकेज आधीच असूनही संदेश येतो, तेव्हा सेटिंग्जमधल्या ॲप्सच्या यादीत त्या नोंदीवर ‘मॉडिफाय’ आणि मग ‘रिपेअर’ दाबावे. या यादीत व्हिज्युअल सी++ च्या आठ-दहा नोंदी दिसतात, आणि ‘एवढे एकच कशाला’ म्हणून सफाईच्या उत्साहात त्या काढून टाकल्या जातात. दुसऱ्या दिवशी बिलिंगचा प्रोग्रॅम उघडत नाही, तो यामुळेच.

सुटी फाईल आणून टाकली की काय होते ते पाहू. ६४ बिट विंडोजमध्ये ६४ बिटच्या फायली सिस्टम३२ मध्ये राहतात आणि ३२ बिटच्या सिसवाऊ६४ मध्ये. नावे उलटी आहेत खरी, पण व्यवस्था तीच आहे. ३२ बिटची फाईल सिस्टम३२ मध्ये टाकली तर ३२ बिटच्या प्रोग्रॅमला ती दिसतच नाही आणि संदेश तसाच राहतो. ६४ बिटच्या प्रोग्रॅमने ती उचलली तर ०एक्ससी०००००७बी ही चूक येते. फाईल बिटने जुळली पण जुन्या आवृत्तीची निघाली, तर ‘प्रोसीजर एंट्री पॉइंट’ सापडत नसल्याचा नवाच संदेश येतो. शिवाय डीएलएल ज्या प्रोग्रॅममध्ये शिरते त्याच्याच अधिकाराने चालते. तुम्ही प्रोग्रॅम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलात की कुठल्या तरी साइटवरून आलेल्या त्या फाईललाही तेच अधिकार मिळाले. फाईलच्या प्रॉपर्टीजमध्ये ती कुणाची हे सांगणारी डिजिटल सही पाहता येते, पण विंडोजच्या स्वतःच्या अनेक फायलींची सही कॅटलॉग नावाच्या वेगळ्या फाईलमध्ये असते. त्यामुळे सहीचा टॅब नाही एवढ्यावरून फाईल बनावट ठरत नाही.

फाईल विंडोजचीच असेल तर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून दोन आज्ञा द्याव्यात (अर्थात इंग्रजी अक्षरांत, प्रत्येक तिरक्या रेघेच्या आधी एक जागा सोडून). पहिली ‘डीआयएसएम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ’ आणि ती संपल्यावर ‘एसएफसी /स्कॅननाऊ’. क्रम महत्त्वाचा आहे. एसएफसी बिघडलेली फाईल विंडोजच्या राखीव साठ्यातून बदलते. तो साठाच खराब असेल तर बदलणार कशातून? डीआयएसएम आधी तो साठा दुरुस्त करते आणि त्यासाठी इंटरनेट लागते. टक्केवारीचा आकडा मधेच बराच वेळ अडकला तरी खिडकी बंद करू नये. ०एक्स८००एफ०८१एफ ही चूक आली तर मूळ फायली मिळाल्या नाहीत असा अर्थ. मग त्याच आवृत्तीची आयएसओ (विंडोज बसवण्याच्या डिस्कची एका फाईलमधली प्रत) जोडून तिच्यातून स्रोत द्यावा लागतो. एसएफसीने काही फायली दुरुस्त करता आल्या नाहीत असे सांगितले, तर तपशील विंडोजच्या सीबीएस.लॉग या नोंदींच्या फाईलमध्ये मिळतो.

दुरुस्ती झाली आणि आठवड्याभरात पुन्हा तेच, अशा वेळी विंडोजला दोष देणे थांबवावे आणि डिस्क तपासावी. विंडोजची डिस्क तपासणारी चेकडिस्क ही आज्ञा चालवावी, डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते तो स्मार्ट अहवाल पाहावा, मेमरीची चाचणी घ्यावी. आपल्याकडे पावसाळ्यात वीज जाते ती नेमकी अपडेट चालू असताना. यूपीएसची बॅटरी संपलेली असेल तर फाईल अर्धवट लिहिली जाते आणि मग त्यासाठी नवी विंडोज विकत घेतली जाते!

तिसरा प्रकार प्रोग्रॅमच्या स्वतःच्या फायलींचा. डिजिटल सहीच्या टोकनची डीएलएल त्याच्या ड्रायव्हरबरोबरच येते; ती गेली तर ड्रायव्हर काढून पुन्हा टाकावा. बाकी प्रोग्रॅमांचेही तेच, फक्त आधी डेटाचा बॅकअप दुसऱ्या ठिकाणी घ्यावा. फाईल अँटिव्हायरसने उचलली असेल तर त्याच्या इतिहासात नोंद सापडते. कंपनीकडून खात्री झाल्याशिवाय ती परत आणू नये. ‘क्रॅक’ केलेल्या प्रोग्रॅमची मुद्दाम बदललेली डीएलएलच तिथे अडकलेली असते, आणि तिच्यासाठी अँटिव्हायरस बंद करणारे महाभागही आहेत. रेगएसव्हीआर३२ (डीएलएलची विंडोजमध्ये नोंदणी करणारी आज्ञा) हा उपाय जिथे-तिथे सांगितला जातो, पण तो फक्त नोंदणी लागणाऱ्या फायलींना लागू पडतो. नसलेली फाईल तो कुठून आणणार?

एवढे सगळे करून थकलात तरी फॉरमॅटच्या आधी एक पायरी उरते. विंडोज चालू असताना आयएसओमधला सेटअप चालवून ‘फायली आणि ॲप्स ठेवा’ हा पर्याय निवडावा. विंडोजच्या फायली नव्या बसतात, बाकीचे जागेवर राहते. दुकानात यंत्र देण्याआधी संदेशाचा मोबाइलवर फोटो काढावा, फाईलचे पूर्ण नाव, त्रुटीचा आकडा आणि कोणता प्रोग्रॅम उघडताना आला हे दिसेल असा. काम झाल्यावर कुठले पॅकेज टाकले हे बिलावर लिहून मागावे. आपल्या पुढच्या टिपांमध्ये याप्रमाणे दुरुस्ती छापावी, ही विनंती.

संगणक दुरुस्तीच्या कामातील काही वाचक,
राजेंद्रनगर, इंदूर