सातव्या इनिंगमधला बझार्डो

बॉथेल, वॉशिंग्टन
भाऊबीज, 23 ऑक्टोबर 2025

प्रिय बंड्या,

तुझा मेसेज काल पाहिला. "टीम हरली म्हणे तुमची. वहिनी सांगत होत्या, दोन दिवस धड बोलत नाहीस. बेसबॉलसाठी एवढं?" असं तू लिहिलंस. फोनवर सांगायला गेलो असतो तर तू मध्येच "थांब, गिऱ्हाईक आलंय" म्हणाला असतास आणि गोष्ट तिथेच लटकली असती. म्हणून पत्र. दुकान बंद केल्यावर वाच.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण तुझ्या लेखी बेसबॉल म्हणजे विटीदांडूचा श्रीमंत चुलतभाऊ. आमचा सिअ‍ॅटल मरिनर्स हा 1977 सालचा संघ. मेजर लीगमध्ये तीस संघ आहेत. त्यांतले एकोणतीस कधी ना कधी वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे फायनलला, जाऊन आलेत. उरलेले एक आम्ही. 2001 साली 116 सामने जिंकलो आणि तरी फायनलच्या आधी यांकीजनी घरी पाठवलं. त्यानंतर एकवीस वर्षं प्लेऑफचं, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीचं, दारसुद्धा दिसलं नाही. मी इथे आलो ते त्या दुष्काळाच्या ऐन मध्यात. टीम निवडायची वेळ आली तेव्हा ऑफिसातला एक जण म्हणाला होता, बाबा रे, दुसरी कुठलीतरी धर. ऐकलं नाही. सांगलीच्या पोरांना पुरात बसायची सवय असते.

या वर्षी मात्र खरोखर वाटलं होतं. आमचा कॅचर, म्हणजे यष्टिरक्षक, कॅल रॅली याने सीझनमध्ये साठ होमरन, म्हणजे इथले षटकार, मारले. कॅचरने एवढे मारल्याचं आजवर कधी झालेलं नाही. त्याला इथे सगळे 'बिग डंपर' म्हणतात, आणि तो शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर कृष्णाकाठची वाळू भरून रात्री बोंबलत जाणारा डंपर आला. (इथे त्याचा अर्थ बसण्याच्या जागेशी निगडित आहे. घरी मुलांसमोर विचारू नकोस.) डेट्रॉइटविरुद्धचा निर्णायक सामना नऊऐवजी पंधरा इनिंग चालला आणि होर्हे पोलांकोच्या एका फटक्यावर जिंकलो. मग टोरांटोशी सातांची मालिका. पहिले दोन सामने त्यांच्या गावात जाऊन जिंकले आणि घरी येऊन दोन घालवले. हे मरिनर्सच करू जाणे. पाचव्याला मी आणि पोरगी स्टेडियमवर होतो. आठव्या इनिंगमध्ये डंपरने बरोबरी केली आणि पुढे तिन्ही बेसवर आमची माणसं असताना आमच्या सुआरेझने चेंडू प्रेक्षकांत टाकला. चार धावा! समोरच्या रांगेतल्या एका अनोळखी बाईने मला अशी मिठी मारली की तिच्या हातातले नाचो अजून माझ्या जॅकेटच्या खिशात सापडतात.

आता आम्ही 3-2 पुढे आणि दोनपैकी एक जिंकायचा. सहावा हरलो.

सातवा सोमवारी, 20 तारखेला. इथे संध्याकाळचे पाच, तुमच्याकडे लक्ष्मीपूजनाच्या दिवसाची पहाट. इथल्या मंडळींनी दिवाळी सोमवारीच धरली होती, त्यामुळे आमच्याकडे बारा-पंधरा माणसं. दारात रांगोळी, टेबलावर फराळ आणि भिंतीवर टोरांटोचं मैदान. शेजारचे आजोबाही होते. ते किंगडोमच्या काळापासून मरिनर्स बघतायत. किंगडोम म्हणजे जुनं स्टेडियम, 2000 साली पाडलं. त्यांची टोपी 1995 सालची, मूळची निळी, आता राखेच्या रंगाची. चकली खाताना ते दर वेळी ती हातात धरून आधी सगळीकडून बघतात, कुठून सुरुवात करायची हे ठरत नसल्यासारखी.

पहिल्याच इनिंगला आमच्या हुलिओ रॉड्रिगेझने डबल (दोन बेस गाठणारा फटका) मारला, नेलरने त्याला घरी आणलं, म्हणजे एक धाव. तिसऱ्यात हुलिओचा होमरन, पाचव्यात डंपरचा. 3-1. सातव्या इनिंगच्या उत्तरार्धात टोरांटो बॅटिंगला आली तेव्हा आमच्या घरात कुणी मोठ्याने श्वास घेत नव्हतं. इनिंगला तीन आउट, म्हणजे वर्ल्ड सिरीजला नऊ आउट कमी.

बॉल टाकत होता आमचा ब्रायन वू. एरवी हा सामना सुरू करणारा पिचर (इथला बॉलर), पण दुखापतीतून परतलेला, म्हणून मधल्या इनिंगला आणला होता. पाचवी-सहावी त्याने झकास काढली. सातव्यात त्याने पहिल्याला वॉक (चार वाइड चेंडूंवर फुकट पहिला बेस) दिला, दुसऱ्याने सिंगल (एका बेसचा फटका) घेतला आणि तिसऱ्या हिमेनेझने बंट करून, म्हणजे चेंडू नुसता टेकवून, दोघांना पुढे सरकवलं. एक आउट झाला, पण बरोबरीचा माणूस दुसऱ्या बेसवर उभा. आणि बॅटिंगला कोण, तर जॉर्ज स्प्रिंगर. तीनच दिवसांपूर्वी याच वूचा चेंडू त्याच्या गुडघ्याच्या वाटीवर बसला होता आणि तो लंगडत मैदानाबाहेर गेला होता. आमच्या पब्लिकने तेव्हा त्याची हुर्यो उडवली होती. हे पाप कुठेतरी फिटणारच होतं.

मॅनेजर डॅन विल्सन मैदानात आला. हा माणूस 1995 च्या संघात कॅचर होता, गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये मॅनेजर झाला. त्याने वूला काढलं. इथे कुणाला काढला की तो त्या सामन्यात परत येत नाही. बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव पिचर हात गरम करतात तिथे, विल्सनसाठी दोन पर्याय. एक आंद्रेस मुन्योझ, आमचा हुकमाचा एक्का. त्याच्या स्लायडरवर, म्हणजे ऐन वेळी बाजूला वळणाऱ्या चेंडूवर, भलेभले हवेत बॅट फिरवतात. पण तो क्लोजर, म्हणजे शेवटच्या इनिंगसाठी राखून ठेवलेला. दुसरा एदुआर्द बझार्डो. त्याचा सिंकर खाली बुडतो, बॅटवर आला तरी चेंडू जमिनीवरून सरपटतो. वर्षभर मधल्या अडचणीच्या जागी त्यालाच आणलेलं.

विल्सनने बझार्डोला बोलावलं. दुसऱ्या मिनिटाला सिंकर मधोमध आला आणि स्प्रिंगरने तो लेफ्ट फील्डच्या प्रेक्षकांत पाठवला. 4-3.

पुढचं सांगण्यासारखं काही नाही. नवव्यात त्यांच्या हॉफमनने तिघांना ओळीने स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केलं. शेवटचा हुलिओ. त्याच्या मागे, पुढच्या नंबरला, हेल्मेट घालून उभा होता डंपर. साठ होमरनवाला. तो तसाच उभा राहिला.

मग सुरू झालं. लक्ष्मीपूजन राहिलं बाजूला. ही म्हणाली, वूला सातव्यात ठेवलाच कशाला, दोन इनिंग दिल्या होत्या ना, आभार मानून बसवायचा. नागपूरचे एक मित्र आहेत, त्यांचं म्हणणं, पहिला बेस रिकामा होता, स्प्रिंगरला मुद्दाम वॉक द्यायचा. मी म्हटलं, अहो, मग बेस भरतात आणि थोड्याच अंतरावर गेरेरो येतो, ज्याने मालिकाभर आमची कणीक तिंबली आणि मालिकावीरही तोच झाला. ते म्हणाले, तो नंतरचा प्रश्न. नागपूरकरांना सगळेच प्रश्न नंतरचे असतात.

पोरगी मात्र वेगळंच बोलली. ती सोळा वर्षांची आहे, आपल्यापेक्षा जास्त आकडे तिला पाठ. तिचं म्हणणं, चूक सातव्यात झाली नाही, दुपारीच झाली होती. मालिकेच्या सुरुवातीला अरोझारेना पहिला येत होता. त्याची बॅट चालेना म्हणून त्याला खाली सरकवलं आणि हुलिओला पहिला केलं, कॅल दुसरा. ती म्हणाली, "बाबा, कॅल पहिला असता तर शेवटी कॅल आला असता."

बंड्या, हे तुला नीट कळायला हवं, कारण आपल्या क्रिकेटमध्ये हे नसतं. इथे नऊ जणांचा क्रम सामन्याआधी कार्डावर लिहून द्यायचा आणि मग तोच रहाटगाडग्यासारखा फिरत राहतो. प्रसंग बघून कुणाला वर पाठवता येत नाही. कितीही आग लागली तरी डंपरला हुलिओच्या आधी आणता येत नाही. म्हणून इथे लोक लाइनअपवर लग्नाच्या याद्यांसारखे भांडतात. एकदा छापली की छापली. मी पोरीला म्हटलं, अगं, पण पहिल्या इनिंगची धाव आली ती हुलिओने सुरुवातीलाच डबल मारला म्हणून. ती म्हणाली, तो दुसरा येऊनही मारला असता. याला काय उत्तर द्यायचं?

आणि इथेच मला तू आठवलास. 10 जुलै 2019, मँचेस्टर. इथे पहाटेचे तीन वाजले होते, मी खालच्या मजल्यावर आवाज बंद करून बसलो होतो. न्यूझीलंडच्या 239, आपले तीन गडी पाच धावांत, तिघांची प्रत्येकी एकच धाव. पाचव्या नंबरला आला दिनेश कार्तिक. मग पंड्या. धोनी सातव्या नंबरला. पुढे जडेजाचे 77, धोनीचे 50, गप्टिलचा तो थेट फेकलेला चेंडू आणि आपण अठरा धावांनी बाहेर. त्या रात्री तुझ्या दुकानाच्या कट्ट्यावर म्हणे बारा वाजेपर्यंत पंचायत बसली होती आणि तू अध्यक्ष होतास. आजही कुणी विषय काढला की तू म्हणतोस, "मी तेव्हाच सांगत होतो, माहीला वर पाठवा."

तर मुन्योझला सातव्यात आणायला हवं होतं का? मी सोमवारी रात्री याच पक्षाचा पुढारी होतो. बाजूही भक्कम होती. तिसऱ्या बेसवर माणूस, आउट एकच. चेंडू नुसता जमिनीवरून सरपटला तरी धाव निघू शकते. इथे हवा तो स्ट्राइकआउट, आणि तो काढायला मुन्योझसारखा दुसरा नाही. एक्का नवव्या इनिंगसाठी राखून काय उपयोग, नववी आपल्या हातात राहिली तर ना! शेजारच्या आजोबांनी मान हलवली आणि 2022 ची आठवण काढली. ह्यूस्टनमध्ये आम्ही 7-5 पुढे, शेवटची इनिंग, दोघे बेसवर, आणि तेव्हाच्या मॅनेजरने रॉबी रे या एरवी सामना सुरू करणाऱ्या पिचरला अल्वारेझसमोर आणलं. पुढे काय झालं ते तू ओळखलंच असशील. 8-7. "दर वेळी," आजोबा म्हणाले, "दर वेळी दार उघडून चुकीचा माणूस बाहेर येतो." मी टेबलावर हात आपटला. चिवड्याचा वाडगा उडाला. शेंगदाणे अजून सोफ्याखाली आहेत.

आता खरं सांगतो. तुलाच, म्हणून.

विल्सन मैदानात निघाला तेव्हा मी उभा राहिलो होतो. आणि मी म्हणालो होतो, "आता बझार्डोच पाहिजे. सिंकर टाकेल, जमिनीवरून मारेल, मुन्योझला राख." हे मी बोललो, बंड्या. मोठ्याने, मराठीत. त्या गोंधळात कुणाच्या लक्षात राहिलं नाही असं मला वाटलं, आणि पाच मिनिटांनी मीच विल्सनला शिव्या घालायला सगळ्यांच्या पुढे. खोटं बोलतोय असंही वाटत नव्हतं. स्प्रिंगरचा चेंडू उडाला तेव्हाच मला खात्री पटली होती की मी पहिल्यापासून मुन्योझच म्हणत होतो.

मंगळवारी सकाळी कचऱ्याचा डबा बाहेर काढायला गेलो. आजोबाही त्यांचा डबा ओढत आले. तीच राखेरी टोपी. हवापाण्याचं बोलून झालं, फराळाचे आभार मानून झाले. मग निघताना ते थांबले, माझ्याकडे बघून एक भुवई वर केली आणि फक्त म्हणाले, "बझार्डो?"

माझ्या त्या सगळ्या मराठी वाक्यात त्यांना तेवढा एकच शब्द कळला होता. आणि तो त्यांनी रात्रभर, बारा माणसांसमोर, पोटात ठेवला होता. मी डबा सोडून हसत सुटलो. तेही. मग म्हणाले की त्यांनाही त्या क्षणी तोच हवा होता.

म्हणून परवा जुने मेसेज उपसले. फोन तीनदा बदलला, पण बॅकअप आहे. 10 जुलै 2019, कार्तिक खेळपट्टीवर गेला त्याच सुमाराचा, पाठवणारा तू. शब्दशः उतरवतो: "माहीला राखून ठेवलंय ते बरोबर. शेवटी लागेल." खाली अंगठा. अंगठा माझा आहे, तेव्हा घाबरू नकोस, कट्ट्यावर दाखवणार नाही. फक्त पुढच्या वेळी अध्यक्षपदाची खुर्ची थोडी मागे घे.

उद्यापासून वर्ल्ड सिरीज, टोरांटो आणि डॉजर्स. आजोबा बघणार नाही म्हणतायत. पोरगी बघणार आहे आणि टोरांटोचा लाइनअप तिने आत्ताच दुरुस्त करून ठेवलाय.

ताईने ओवाळणीचा व्हिडिओ कॉल केला होता, मागे तुझ्या स्कूटरचा हॉर्न ऐकू आला. बरं वाटलं. डिसेंबरमध्ये माझा मेव्हणा इकडे येतोय, त्याच्याकडे भडंग दे. दोन किलो. एक पुडा आजोबांसाठी वेगळा बांध, तिखट कमी.

तुझा,
सुध्या