भोंगा लावू की नको

प्रिय सुध्या,

काकू गेल्याचं कळलं तेव्हाच पत्र लिहायला हवं होतं. फोन केला होता, पण तू 'हो हो' करत होतास अन् मी 'काळजी घे' म्हणत होतो. त्याला काय बोलणं म्हणतात? माझं म्हणशील तर शुगर आहे तशीच, गोळी चालू. पुरे.

लिहायला बसलो ते गोलूपायी. परवा पाऊस उघडल्यावर पोट्टा पेरणीयंत्र जोडून नाल्याकडच्या वावरात गेला. धुरा तोच, नाल्याकडचा बांध. मागचं चाक कडेवरून घसरलं, ट्रॅक्टर कलला आणि बाभळीला टेकून थांबला. मी खालच्या वावरातून पाहत होतो. पोट्टा हसत उतरला, "काका, बाभळीनं वाचवलं ना बाप्पा!" संध्याकाळी धाकट्या भावानं तीच गोष्ट चहासोबत सगळ्यांना रंगवून सांगितली. हसले सगळे. आता मी कोणासमोर ट्रॅक्टरखाली गेलेल्या आपल्या विज्याचं नाव काढू? इथं ते नाव निघालं की लोक पावसावर बोलायला लागतात.

आणि गंमत म्हणजे त्या ट्रॅक्टरवर भोंगा होता. उन्हाळ्यात मीच बसवला होता. कल मोजणारी एक्सेलरोमीटर चिप, तिचे आकडे वाचणारा आर्डुइनो नॅनो बोर्ड, रिले आणि भंगारातून आणलेला ट्रकचा हॉर्न. ट्रॅक्टर ठरल्यापेक्षा जास्त कलला की बोंबलायचं, एवढंच काम. गोलूला तेव्हा भारी उत्साह. "याच्यात पारा असते का काका?" म्हटलं, पाऱ्याचे दिवस गेले, तुझ्या सुधाकाकाच्या हातून फुटलेला स्विच शेवटचा. याच्यात सिलिकॉनचा एक बारका ठोकळा सिलिकॉनच्याच स्प्रिंगांवर टांगलेला असतो. त्याला दाते, समोर चौकटीला पक्के दाते. चिप हलली की ठोकळा मागे राहतो, दातांमधलं अंतर बदलतं, कपॅसिटन्स बदलतो, तोच मोजायचा. टेबलावर नुसती ठेवली तरी ती १ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढं, दाखवते, कारण ठोकळा वजनानं स्प्रिंगवर लोंबतोच आहे. तिरपी केली की तो १ जी अक्षांमध्ये वाटला जातो. १० अंश कललं तर आडव्या अक्षावर ०.१७, ३० अंशांना ०.५. त्यानं काय करावं? लांब वायर जोडून बोर्ड सरळ गादीवर फेकला आणि स्क्रीनकडे पाहत बसला. हवेत असेपर्यंत तिन्ही आकडे शून्याजवळ, गादीवर आदळल्यावर उसळी. म्हणे, "म्हणजे पडताना याले वाटते, काई होऊनच नाई रायलं!" आपल्याला हे कळायला अख्खं सेमिस्टर गेलं होतं बे.

मग खरी मजा. सपाट अंगणात ट्रॅक्टर उभा, इंजिन चालू, आणि आकडा ७ अंश, मग १, मग उणे ५, असा संथ झोके घेतोय. जागचा हललेला नाही, तरी कलतोय. ॲक्सिलरेटर जरा हलवला की झोक्यांचा वेग बदले. घरच्यांनी चिप खराब ठरवून टाकली. तू असतास तर तिथंच टाळी दिली असतीस. तीन सिलिंडरचं चार-स्ट्रोक इंजिन, २००० आरपीएमला सेकंदाला ५० स्फोट, आणि नेटवरचा नमुना कोडही सेकंदाला ५० वेळाच वाचणारा. प्रत्येक वाचन हादऱ्याच्या जवळपास त्याच जागी पडतं, म्हणून वेगवान हादरा संथ कल होऊन दिसतो. एलियासिंग! वायव्हामध्ये आपल्या दोघांना न आलेला एकमेव प्रश्न वीस वर्षांनी अंगणात येऊन उभा राहिला.

इथं तू म्हणशील, "मी सांगत होतो, ॲनालॉग घे." थांब. तुझा लाडका ॲनालॉग एडीएक्सएल ३३५ आधी तोच लावून पाहिला. त्याच्या आत ३२ किलोओहमचा रेझिस्टर आहे, बाहेर कपॅसिटर आपण लावायचा. बोर्डावर ०.१ मायक्रोफॅरडचा येतो, म्हणजे ५० हर्ट्झपर्यंतचं सगळं आत. ४.७ चा लावला की १ हर्ट्झ, आणि झोके गायब. वाचनाच्या आधीच गाळलं जातं, हे तुझं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण त्याची झेप ३ जीपर्यंतच. बोर्ड मडगार्डवर होता, अन् तो पत्रा असा थडथडतो की लाटेची टोकं चिपमध्येच छाटली जातात, कपॅसिटर बिचारा नंतर येतो. छाटलेली लाट गाळून खरा कल कुठून निघणार? शिवाय नॅनोच्या १० बिटांना ५ व्होल्टवर एक पायरी म्हणजे जवळपास १ अंश.

म्हणून एमपीयू ६०५०. तीन अक्षांचा एक्सेलरोमीटर, तीन अक्षांचा जायरो, म्हणजे किती वेगानं फिरतोय ते सांगणारा, १६ बिट. रेंज २ वरून ८ जीवर नेली, तरी १ जीला ४०९६ काउंट मिळतात, म्हणजे कोनाला काही तोटा नाही. आतली गाळणी २६० हर्ट्झवरून ५ वर आणली, उशीर १९ मिलिसेकंदांचा. आणि बोर्ड मडगार्डवरून काढून ॲक्सलच्या बिडाच्या घरावर बोल्टनं कसला. अर्धा फरक तर त्या बोल्टनंच पडला. पंपाच्या चोरीचा गजर करायचा असता तर एडीएक्सएल ३४५ घेतला असता. तो मायक्रोअँपियरांवर जगतो आणि हलवलं की इंटरप्ट देऊन नॅनोला उठवतो. पिझो सेन्सर तर इथं बादच. जिनिंगच्या बेअरिंगचा हादरा मोजायला तो राजा, पण गुरुत्वाकर्षणासारखं स्थिर बल त्याला दिसतच नाही. तेव्हा आपलं फायनल इयरचं भांडण इथं मिटलं असं समज. कपॅसिटर तुझा, निकाल माझा.

जायरोवरून मात्र मी अडखळलो होतो. धुऱ्याशी वळताना, समज १० किलोमीटरचा वेग आणि ४ मीटरची त्रिज्या, बाजूला ०.२ जी पडतो. एक्सेलरोमीटर सांगतो ११ अंश कललो, जमीन मात्र सपाट. वाटलं, जायरो मिसळून खरा कोन काढावा. मग डोक्यात आलं, ट्रॅक्टर उलटतो तो खऱ्या कोनानं थोडाच? उलटवतं ते वजन आणि वळणाचा रेटा मिळून, आणि एक्सेलरोमीटर नेमकं तेच मोजतो. ज्याला चूक म्हणत होतो तेच हवं होतं! जायरो ठेवला तो फक्त किती वेगानं कलतोय ते पाहायला.

एवढं सगळं करून भोंगा गेला कशानं, तर नांगरणीनं. एक चाक नांगराच्या तासात, म्हणजे सरीत, चालतं. तास ९ इंच, चाकांमध्ये साडेचार फूट, म्हणजे ट्रॅक्टर दिवसभर साडेनऊ अंश कललेलाच. मी हद्द १२ वर ठेवलेली. ढेकूळ आलं की भोंगा, खड्डा आला की भोंगा. शेजारच्या वावरातले लोक "वरात आली का?" विचारायचे. गोलूनं पक्कड घेऊन वायर कापली. दोन्ही टोकांना इतकी नीट टेप गुंडाळली होती की मला रागही धड आला नाही.

आता मी ती वायर जोडू शकतो. हद्द नांगरणीला वेगळी, पेरणीला वेगळी ठेवता येते, त्याला एक खटका पुरे. पण सुध्या, मला झोप येत नाही ती दुसऱ्याच गोष्टीनं. आज तो धुऱ्यापासून थोडा तरी लांब चालतो, कारण भितो. भोंगा नीट चालू झाला की तो भोंग्याच्या भरवशावर कडेपर्यंत जाईल. वाजला नाही म्हणजे ठीक. आणि ओली काळी जमीन धसते ती आधी कलून सांगत नाही. धुरा तुटेपर्यंत सेन्सर ४ अंश दाखवत राहील, खरंच दाखवेल, आणि मग एकदम २५. विज्याचं तर त्याहून वाईट. चाकं चिखलात रुतलेली, क्लच झटक्यात सुटला, पुढचा भाग उठला. तसा ट्रॅक्टर एक-दीड सेकंदात मागं पालथा होतो. १९ मिलिसेकंदांचं कौतुक मी कोणाला सांगू? भोंगा ऐकून पाय क्लचवर जाईपर्यंत सगळं झालेलं असतं. त्याच्या आईला तेव्हा आपण दोघांनी काय काय सांगितलं होतं, आठवतं ना? तसलं पुन्हा कोणाला सांगायची माझ्यात ताकद नाही.

धाकटा म्हणतो, "तू लय विचार करतं." खरं आहे. पण मागची लोखंडी कमान आणि सीटचा पट्टा, ते रोप्स म्हणतात ते, लावायचं म्हटलं की त्याला खर्च दिसतो. स्वीडननं १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरवर ती सक्तीची केली. आपल्याकडे तिच्या जागी छत्री लावतात अन् स्पीकर. गावातला वेल्डर दोन हजारात कमान करून द्यायला तयार आहे, पण तसली कमान ट्रॅक्टरच्या वजनाखाली दुमडली तर काय कामाची?

तर काम असं. तुझ्या टेस्टिंगच्या लोकांना विचार, आमच्या जुन्या मॉडेलला बसणारी, तपासून पास झालेली कमान पट्ट्यासकट पुण्यात मिळेल का. ॲक्सलच्या बोल्टांची मापं अन् फोटो व्हॉट्सॲपवर टाकतो. पैशाचं धाकट्याला मी पाहून घेईन. ती बसेपर्यंत वायर जोडू की नको, हेही लिही. तुझा नकार आला तरी मला चालेल, फक्त 'तू बघ' म्हणू नको.

रुचाच्या ॲडमिशनचं काय झालं? वहिनींची बदली टळली का? दिवाळीला या सगळे, कापूस वेचायला माणसं मिळतच नाहीत, तुलाही जुंपतो.

तुझा,
दिल्या